सुपातले धान्य आणि अणुबाँब

(रायपूर शहराच्या गुढियारी भागात मराठी भाषक महिलांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेचा विषय ‘स्त्रिया आणि जागतिक शांतता’ असा जाहीर झाला आहे. विषय मोठा आहे, आणि मी तर पक्षाच्या कचेरीत बसून इतरांची भाषणे, ठराव आणि पत्रके मराठीत आणणारी एक अनुवादक आहे. स्वतः व्यासपीठावर उभे राहण्याचा प्रसंग मजवर क्वचितच येतो. म्हणून एका अनुवादकाची फजिती सांगूनच सुरुवात करते.

मागे एकदा ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनासाठी एक पत्रक मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले होते. ‘अण्वस्त्रांचे संपूर्ण उच्चाटन आणि सार्वत्रिक निःशस्त्रीकरण’ असे शब्द मी मोठ्या निष्ठेने लिहिले. छपाईला देण्यापूर्वी कोणाला तरी वाचून दाखवावे म्हणून याच वस्तीतल्या एका घरी गेले. भंडाऱ्याकडून लग्न होऊन इकडे आलेल्या एक काकू सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होत्या. त्यांनी पत्रक शांतपणे ऐकून घेतले आणि हात न थांबवता विचारले, “बाई, हे तुमच्या कागदातलं आमच्या सुपात कुठं येते जी?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. मी साम्राज्यवादाविषयी आणि शस्त्रकारखानदारांच्या नफ्याविषयी बोलू लागले. जे बोलले त्यात खोटे काही नव्हते. पण काकूंनी मान डोलावली, तांदूळ पाखडले आणि चहा घेता का म्हणून विचारले. विषय तिथेच संपला.

भगिनींनो, तो प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. स्त्रियांच्या शांतता चळवळीचा इतिहास मी त्यानंतर पुन्हा वाचला, तेव्हा असे दिसले की जिथे जिथे ही चळवळ बळावली तिथे कोणा ना कोणा बाईने हाच प्रश्न विचारलेला होता, आणि संघटनेने त्याचे उत्तर शोधले होते. काकूंना जे उत्तर मी त्या दिवशी देऊ शकले नाही, ते आज आपणा सर्वांसमोर देण्याचा प्रयत्न करते.

मासळीपासून सुरुवात

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर अमेरिकेने अणुबाँब टाकले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. पण युद्धानंतर जपान अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता, आणि बाँबच्या परिणामांविषयी लिहिण्या-बोलण्यावर कडक निर्बंध होते. त्यामुळे खुद्द जपानी जनतेलाही आपल्याच दोन शहरांची पूर्ण कहाणी कित्येक वर्षे कळू शकली नाही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर एका हायड्रोजन बाँबचा स्फोट घडवला. त्याची शक्ती हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजारपट होती. रोंगेलाप बेटावरच्या रहिवाशांवर किरणोत्सारी राख पडली. त्या सागरात मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुऱ्यू मारू’ या जपानी नौकेवरही पडली. नौकेवर २३ कोळी होते. ते सगळे आजारी होऊन परतले आणि त्यांच्यातील तारायंत्रचालक कुबोयामा याचा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. नौकेने आणलेली मासळी बाजारात पोहोचली होती. पुढे इतर नौकांच्या मासळीतही किरणोत्सार आढळू लागला आणि शेकडो टन मासळी नष्ट करावी लागली. लोकांनी मासे घेणे बंद केले.

टोकियो शहराच्या सुगिनामी या भागात गृहिणींचे एक वाचनमंडळ होते. तेथील सार्वजनिक सभागृहात या स्त्रिया जमून समाजशास्त्राची पुस्तके वाचत. एका सभेत एका मासेविक्रेत्याची पत्नी उभी राहिली आणि तिने बाँबच्या विरोधात काही करा असे सर्वांना विनविले. तिच्या घरचा धंदा बसला होता, पण तिने मागितली ती नुकसानभरपाई नव्हती. बाँबचे प्रयोगच थांबले पाहिजेत असे तिचे म्हणणे होते. ९ मे १९५४ रोजी सुगिनामीत सह्यांची मोहीम सुरू झाली. यासुई काओरु हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक तिचे प्रमुख होते, परंतु दारोदार हिंडल्या त्या मुख्यतः स्त्रिया. सुमारे चार लाख वस्तीच्या त्या भागात दोन-एक महिन्यांत अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. ही लाट देशभर पसरली, आणि ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमा येथे अणु व हायड्रोजन बाँबविरोधी पहिली जागतिक परिषद भरली तोपर्यंत जपानमध्ये तीन कोटींहून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या. या चळवळीतूनच बाँबपीडितांना आपल्या वेदना उघडपणे सांगण्याचे बळ मिळाले. १९५६ साली त्यांची ‘निहोन हिदांक्यो’ ही संघटना स्थापन झाली. २०२४ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले ते याच संघटनेला.

त्या मासेविक्रेत्याच्या पत्नीला निःशस्त्रीकरणाचे शास्त्र शिकवावे लागले नव्हते. बाँब तिच्या दुकानाच्या पाटीवर येऊन पडला होता.

आपल्या देशानेही त्या वेळी गप्प बसणे पसंत केले नाही, हे अभिमानाने नोंदवले पाहिजे. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अण्वस्त्रांचे प्रयोग निदान तूर्त स्थगित ठेवावेत असा प्रस्ताव मांडला. अशी मागणी करणारा भारत हा पहिला देश. आणि त्याच वर्षी जून महिन्यात कलकत्त्याला भारतीय महिला फेडरेशनची स्थापना झाली. तिच्या मागे जगभरच्या स्त्रियांची एक फळी उभी होती. १९४५ च्या नोव्हेंबरात पॅरिस येथे फॅसिझमशी झुंजलेल्या स्त्रियांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय लोकशाहीवादी महिला फेडरेशन स्थापन केले होते, त्यात भारताच्याही प्रतिनिधी होत्या. तिच्या पहिल्या अध्यक्षा युजेनी कोतों या स्वतः पदार्थविज्ञानाच्या संशोधक आणि मादाम क्यूरींच्या विद्यार्थिनी होत्या. अणूची शक्ती काय असते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. १९५० च्या मार्चमध्ये स्टॉकहोम येथून अणुबाँबवर संपूर्ण बंदी घालण्याचे आवाहन निघाले, तेव्हा त्यावर पहिली सही करणारे फ्रेदरिक जोलिओ-क्यूरी हेही अणुशास्त्रज्ञच होते. प्रयोगशाळेतून आलेले हे ज्ञान आणि स्वयंपाकघरातून आलेली ती चिंता जेव्हा एकत्र झाली, तेव्हा चळवळीला जोर आला.

दुधातले विष

दुसरे उदाहरण खुद्द अमेरिकेतले आहे. तेथील राज्यकर्त्यांविरुद्ध आपण कितीही बोललो तरी तेथील स्त्रियांचे ऋण विसरता कामा नये.

हवेत अणुस्फोट केला की त्यातून स्ट्राँशियम-९० नावाचे एक किरणोत्सारी द्रव्य निर्माण होते. ते पावसाबरोबर कुरणावर पडते, गवतातून गाईच्या पोटात जाते आणि गाईच्या दुधातून मुलाच्या शरीरात उतरते. त्याचे गुण चुन्याच्या द्रव्यासारखे, म्हणजे कॅल्शियमसारखे असतात. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत साठवून ठेवते. तिथून त्याचा किरणोत्सार चालू राहतो आणि निम्मा होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात.

सरकार म्हणत होते की धोका नाही. तेव्हा सेंट लुइस शहरातील शास्त्रज्ञ आणि नागरिक यांच्या एका समितीने १९५८ च्या डिसेंबरात लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यास प्रारंभ केला. या कामाच्या पहिल्या संचालिका लुईज राइस या डॉक्टर होत्या. आयांनी मुलाचा दात पाकिटात घालून, त्याबरोबर मुलाची जन्मतारीख आणि आई गरोदरपणी कोठे राहत होती अशी माहिती लिहून पाठवायची. सुमारे बारा वर्षांत तीन लाखांहून अधिक दात जमा झाले. १९५० च्या सुमारास जन्मलेल्या मुलांपेक्षा १९६३ साली जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्राँशियमचे प्रमाण सुमारे पन्नासपट आढळले.

दात गोळा करण्याचे काम चालू असतानाच १ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील सुमारे ६० शहरांतून हजारो स्त्रिया एका दिवसाचा संप पुकारून रस्त्यावर आल्या. ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ या नावाने ही चळवळ ओळखली जाते. कम्युनिस्टांची फूस असल्याच्या संशयावरून १९६२ च्या डिसेंबरात अमेरिकन संसदेच्या एका समितीने त्यांना चौकशीसाठी बोलावले. स्त्रिया कडेवर मुले घेऊन चौकशीला हजर राहिल्या आणि साक्ष देणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी फुले दिली. ज्या समितीपुढे भल्याभल्यांची भीतीने गाळण उडत असे, तिचे हसे झाले. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन यांनी हवेतील, पाण्याखालील आणि अंतराळातील अणुस्फोटांवर बंदी घालणारा करार केला. भारताने तीन दिवसांत त्यावर सही केली. हा करार केवळ स्त्रियांमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, परंतु दुधाच्या प्रश्नाने हललेले लोकमत पाठीशी नसते तर तो इतक्या लवकर झाला नसता.

मातृत्व की संघटना?

येथे एका गैरसमजाचा विचार केला पाहिजे. ‘स्त्री ही जात्याच शांतताप्रिय असते, कारण ती माता आहे’ असे आपल्या सभांतूनही बोलले जाते. ऐकायला ते गोड वाटते, पण इतिहासाचा दाखला तसा नाही.

१९८१ च्या ऑगस्टअखेर वेल्समधील कार्डिफ शहरातून छत्तीस स्त्रिया मुलाबाळांसह आणि मोजक्या पुरुषांसह पायी निघाल्या आणि इंग्लंडमधील ग्रीनहॅम कॉमन येथील लष्करी तळावर पोहोचल्या. तेथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवली जाणार होती. स्त्रियांनी तळाच्या दाराशीच मुक्काम ठोकला. १२ डिसेंबर १९८२ रोजी सुमारे ३० हजार स्त्रियांनी हातात हात गुंफून नऊ मैलांचे कुंपण वेढले. ती क्षेपणास्त्रे देशात आणू देणाऱ्या ब्रिटनच्या पंतप्रधान कोण होत्या? मार्गारेट थॅचर. त्याही स्त्री होत्या आणि जुळ्या मुलांच्या आई होत्या. आपल्याकडे १८ मे १९७४ रोजी पोखरणचा पहिला अणुस्फोट झाला तेव्हाही पंतप्रधानपदी एक स्त्रीच होती.

तेव्हा शांतता आईच्या दुधातून आपोआप पाझरत नाही. ती कष्टाने, याद्या करून, वर्गणी गोळा करून, पावसात उभे राहून उभारावी लागते. ग्रीनहॅमच्या स्त्रियांना अटका झाल्या, तुरुंगवास झाला, त्यांचे तंबू उखडले गेले. क्षेपणास्त्रे १९८३ मध्ये आली तरी त्या उठल्या नाहीत. १९८७ च्या डिसेंबरात रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला आणि १९९१ पर्यंत ग्रीनहॅम रिकामे झाले. तो करार २०१९ मध्ये मोडीत निघाला, हेही सांगितले पाहिजे. मिळवलेली शांतता राखावी लागते.

संघटनेची ताकद काय असते हे छत्तीसगडच्या स्त्रियांना लांबून शिकण्याची गरज नाही. दल्ली-राजहराच्या लोहखाणीत १९७७ साली कंत्राटी खाणकामगार उठले. त्यांत पुरुषांच्या बरोबरीने घण चालवणाऱ्या स्त्रिया होत्या. त्या जूनमध्ये झालेल्या गोळीबारात अकरा जण शहीद झाले, त्यांत अनसूयाबाई होत्या. ती संघटना शंकर गुहा नियोगी यांची होती, आमच्या युनियनची नव्हती. तरीही त्या शहिदांसमोर मान लवविताना आम्हाला संकोच वाटत नाही.

आपल्याकडूनही एक चूक झाली

दुसऱ्यांचे दोष दाखविणाऱ्याने स्वतःचाही हिशेब द्यावा. साठीच्या सुरुवातीला अमेरिकन स्त्रियांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी यांना पत्र लिहिले, आणि त्याच वेळी सोव्हिएत पंतप्रधानांच्या पत्नी नीना ख्रुश्चेव्ह यांनाही लिहिले. त्यांनी दोन्ही दारे ठोठावली. आपल्या बाजूच्या शांतता चळवळीने मात्र तसे केले नाही. सोव्हिएत युनियनने १९६१ च्या सप्टेंबरात प्रयोग पुन्हा सुरू केले आणि ऑक्टोबरात आजवरचा सर्वांत मोठा स्फोट केला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तो ‘शांततेच्या रक्षणासाठी’ असल्याचे समर्थन केले. ज्या जपानने तीन कोटी सह्या केल्या, तेथील चळवळही समाजवादी देशांच्या बाँबविषयी काय म्हणायचे या वादात दुभंगली. सुगिनामीच्या गृहिणींनी घरोघर जोडलेली माणसे गटागटांत वाटली गेली.

मी वयाने लहान आहे. तो काळ मी पाहिलेला नाही. परंतु त्या काळची मराठी पत्रके मी कचेरीच्या कपाटातून काढून वाचली आहेत, आणि एका बाँबला ‘नरसंहारक’ तर दुसऱ्याला ‘संरक्षक’ म्हणणारे शब्द मला त्यांत आढळले. साम्राज्यवाद हा शस्त्रस्पर्धेचा जनक आहे हे मी आजही मानते. पण स्ट्राँशियम दुधात उतरते तेव्हा त्याला रंग विचारून उतरत नाही.

नागपूरची लेक आणि लाहोरची बस

दोन्ही दारे ठोठावण्याचे धैर्य आपल्या जवळच्याच एका मराठी स्त्रीने दाखवले, आणि त्या कम्युनिस्ट नव्हत्या. निर्मला देशपांडे यांचा जन्म १९२९ साली नागपूरला झाला. त्या वेळी आपले रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. वडील पु. य. देशपांडे आणि आई विमलाबाई, दोघेही मराठी साहित्यात वावरलेले. निर्मलाताई तरुणपणीच विनोबांच्या भूदान यात्रेत सामील झाल्या आणि हजारो मैल पायी हिंडल्या.

१९९८ च्या मे महिन्यात ११ आणि १३ तारखेला भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. २८ आणि ३० मे रोजी पाकिस्तानने त्याला प्रत्युत्तर दिले. दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. आता युद्ध अशक्य झाले असे पंडित सांगत होते. पुरते एक वर्ष गेले आणि १९९९ च्या मे महिन्यात कारगिलचे युद्ध पेटले. त्यात आपल्या पाचशेहून अधिक जवानांनी प्राण दिले. सीमेच्या दोन्ही बाजूंना कटुता दाटली असताना २००० सालच्या मार्च महिन्यात निर्मलाताईंच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रियांची एक बस दिल्लीहून लाहोरला गेली. सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती, तेव्हा स्त्रिया बोलल्या. पुढे पाकिस्तानातील स्त्रियाही अस्मा जहांगीर यांच्याबरोबर भारतात आल्या. निर्मलाताई २००८ च्या १ मे रोजी वारल्या, तेव्हा त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या. भारताने त्यांना पद्मविभूषण दिले होते. पाकिस्ताननेही मरणोत्तर आपला ‘सितारा-ए-इम्तियाज’ हा सन्मान त्यांना दिला.

त्यांच्या भूदानी विचाराशी आमचे मतभेद होते आणि आहेत. जमिनीचा प्रश्न हृदयपरिवर्तनाने सुटत नाही असे आम्ही मानतो. पण शांततेच्या आघाडीत उभे राहण्यासाठी सर्व प्रश्नांवर एकमत असावे लागत नाही. एवढ्यावर एकमत पुरे की बाँब कोणाच्याही हातात नको.

धानाच्या कोठारात

आता काकूंच्या सुपाकडे येते.

छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात आणि आपली गुढियारी ही धान्याच्या घाऊक बाजाराची जागा. पोती वाहणारे हमाल, धान्य झाडणाऱ्या-निवडणाऱ्या बाया, रेल्वे लाइनच्या अलीकडची ही वस्ती, या सर्वांचे पोट धान्यावर चालते. तेव्हा अणुयुद्धाने धान्याचे काय होईल हे आपण विचारलेच पाहिजे.

शास्त्रज्ञांचे उत्तर असे आहे. अणुबाँबने शहरे पेटली की काजळीचे प्रचंड लोट उठतात आणि पावसाच्या ढगांच्याही वर जाऊन बसतात. तिथे पाऊस पडत नसल्याने काजळी धुऊन निघत नाही. ती अनेक वर्षे सूर्यप्रकाश अडवते, पृथ्वी थंड होते, पाऊस घटतो आणि पिके बुडतात. भारत आणि पाकिस्तान यांच्यात असे युद्ध झाले तर पहिल्या काही दिवसांतच ५ कोटी ते १२ कोटी ५० लाख माणसे मरू शकतात, असा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. २०२२ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने सांगितले की त्यानंतर येणाऱ्या उपासमारीत जगभर दोनशे कोटींहून अधिक लोक बळी पडू शकतात. म्हणजे ज्या गावावर बाँब पडलाच नाही, त्या गावच्या शेतातही लोंबी भरणार नाही. रायपूरवर बाँब पडो अथवा न पडो, सूप मात्र रिकामे होईल.

काकू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. कागदातले ते तुमच्या सुपात असे येते.

आणि ही दूरची भीती म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ च्या जानेवारीत जगात १२,२४१ अण्वस्त्रे होती. त्यांतील सुमारे नव्वद टक्के अमेरिका आणि रशिया यांच्याकडे होती, भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७०. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. त्या हत्याकांडाचा निषेध आपण सर्वांनी केला आणि केलाच पाहिजे. ७ ते १० मे असे चार दिवस दोन्ही देशांची विमाने, ड्रोन आणि क्षेपणास्त्रे एकमेकांवर चालून गेली. त्या रात्री किती घरांत मुले जागी राहिली हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

एक रास्त शंका

सभेआधी एका भगिनीने मला विचारले, “शेजाऱ्याकडे बाँब असताना आपणच का टाकून द्यावा?” शंका रास्त आहे आणि ती विचारणारी बाई देशद्रोही नाही, तशी उत्तर देणारीही नाही.

पहिली गोष्ट अशी की आपण एकट्यानेच हात रिकामे करावेत असे कोणी म्हणत नाही. मागणी सर्वांकडे आहे, आणि ती भारताची स्वतःचीच जुनी मागणी आहे. १९५४ चा नेहरूंचा प्रस्ताव मी सांगितला. १९८८ च्या जूनमध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांपुढे टप्प्याटप्प्याने सर्व अण्वस्त्रे नष्ट करण्याची योजना ठेवली होती. ती योजना धूळ खात पडली आहे.

दुसरी गोष्ट, बाँबने युद्ध टळते हा दावा कारगिलने खोटा पाडला आणि २०२५ च्या मे महिन्याने पुन्हा तपासून पाहिला.

तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. १९८८ च्या ३१ डिसेंबरला भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देत आले आहेत. कारगिलनंतरही दिली, २०२५ च्या संघर्षानंतरही दिली. म्हणजे वैर असतानाही करार पाळता येतो. मग ‘प्रथम वापर आम्ही करणार नाही’ हा जो शब्द भारताने आपल्या धोरणात दिलेला आहे, तो दोघांमधला करार का होऊ नये? संयुक्त राष्ट्रांत २०१७ साली मंजूर झालेला आणि २०२१ च्या जानेवारीत अमलात आलेला अण्वस्त्रबंदी करार आहे. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या नऊ देशांपैकी एकानेही त्यावर सही केलेली नाही, आपल्या देशानेही नाही. ती का नाही, असे आपल्या खासदारांना विचारण्याचा अधिकार धान्य निवडणाऱ्या बाईलाही आहे.

आपण काय करायचे

भाषण करून घरी जाणे हे सोपे काम आहे. म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवते.

पहिली, सुगिनामीच्या गृहिणींप्रमाणे गुढियारीची घरे गल्लीगल्लीने वाटून घ्यावीत. प्रत्येकीने दहा घरे घ्यावीत. सहीआधी पाच मिनिटे बोलावे. ज्या घरी सही मिळणार नाही तिथले कारण वहीत लिहून आणावे, कारण नकारातूनच आपल्याला पुढचे भाषण शिकता येते.

दुसरी, सहीच्या कागदावर तीनच मागण्या असाव्यात. १९८८ ची योजना भारत सरकारने पुन्हा जगापुढे मांडावी. प्रथम वापर न करण्याचा करार पाकिस्तान आणि चीन यांच्याशी करण्याचा प्रयत्न करावा. आणि अण्वस्त्रबंदी कराराविषयी संसदेत उघड चर्चा व्हावी. हा कागद मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीत निघावा. मराठीचे काम माझ्याकडे द्या. या खेपेस मी ‘सार्वत्रिक निःशस्त्रीकरण’ लिहिणार नाही. ‘सगळ्यांनी हत्यार खाली ठेवावे’ असे लिहीन.

तिसरी, सही मागताना कोणत्या पक्षाची, कोणत्या जातीची, कोणत्या देवाची असे विचारू नये. बौद्ध भगिनी असोत, वारकरी घरातल्या असोत, मुसलमान शेजारणी असोत, ज्या आमच्या पक्षाला मत देत नाहीत त्याही असोत. ही आघाडी जितकी रुंद तितकी बळकट.

भगिनींनो, त्या दिवशी पत्रक छापून झाले आणि त्याच्या प्रती वाटल्याही गेल्या. त्यातले किती कोणी वाचले मला ठाऊक नाही. काकू आज या सभेला आल्या आहेत आणि पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या हातात वही द्यावी आणि पहिल्या दहा घरांची यादी त्यांनीच करावी, अशी अध्यक्षबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.

जागतिक शांतता चिरायु होवो! स्त्रियांची एकजूट चिरायु होवो!